ट्रॅकर घेतला, आता सोबत काय लागेल? महाराष्ट्रातून आकाश टिपणाऱ्या नवशिक्यांसाठी

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. त्यामुळे आकाश दर सेकंदाला साधारण १५ विकला सरकताना दिसतं (एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे विकला). २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल जवळपास ४ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर २४ मिमीची लेन्स लावली, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या सुमारे ३४ विकला मावतात. म्हणजे कॅमेरा नुसता ट्रायपॉडवर ठेवला, तर सव्वादोन सेकंदांतच तारा एक पिक्सेल ओलांडतो आणि २० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्याची रेघ होते. ट्रॅकर म्हणजे ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं मोटरचं छोटं यंत्र. ते ताऱ्यांच्याच गतीने कॅमेरा पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवतं, म्हणून दोन-तीन मिनिटं शटर उघडं ठेवता येतं आणि डोळ्यांना न दिसणारी आकाशगंगेतली धूळ, तेजोमेघ, फिके तारे फोटोत उतरतात.

स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर, आयऑप्ट्रॉनचा स्कायगायडर प्रो, मूव्ह शूट मूव्हचे छोटे ट्रॅकर ही सगळी यंत्रं सॅकमध्ये मावतात. पण ट्रॅकर एकटा काही करू शकत नाही. खालचा ट्रायपॉड हलला, ध्रुव नीट साधला नाही (म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे नीट वळवला नाही), लेन्सवर दव बसलं किंवा पहाटे दोनला वीज संपली, तर कितीही महाग ट्रॅकर असला तरी रात्र वाया जाते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे आहे: इतरांच्या याद्या बघून सामान घेऊ नका, तुम्ही कोणती लेन्स लावणार त्यावरून ठरवा.

आधी लेन्सचं गणित

सूत्र सोपं आहे. पिक्सेलचा आकार (मायक्रॉनमध्ये) गुणिले २०६, भागिले फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा). उत्तर येतं ते एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात याचं. ४ मायक्रॉनला २४ मिमीवर ३४ आणि १३५ मिमीवर फक्त ६.

आता ट्रॅकरचा अक्ष ध्रुवापासून एक अंश चुकला आहे असं धरा. या चुकीने तारा मिनिटाला जास्तीत जास्त १५.७ विकला घसरतो, म्हणजे दोन मिनिटांत सुमारे ३१ विकला. २४ मिमीवर हे एक पिक्सेलसुद्धा भरत नाही आणि फोटो छान येतो. १३५ मिमीवर तीच चूक पाच पिक्सेलची होते आणि प्रत्येक तारा लांबट दिसतो.

म्हणून सुरुवात १४ ते ३५ मिमीने करा. तेवढ्याला घट्ट ट्रायपॉड, वेज, बॉल हेड, रिमोट टायमर, दवावरचा उपाय आणि पॉवर बँक पुरते. ८५ किंवा १३५ मिमीवर गेलात की काउंटरवेट (कॅमेऱ्याला तोलणारं वजन), डेक्लिनेशन ब्रॅकेट (कॅमेरा आणि ते वजन अक्षाच्या दोन बाजूंना धरणारी पट्टी) आणि पोलर स्कोपने (ट्रॅकरमधल्या छोट्या दुर्बिणीने) काटेकोर ध्रुव साधणं आलं. २०० मिमीच्या पुढे ऑटोगायडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकरची चूक सतत सुधारत राहणं, लागतं. त्यासाठी आणखी एक कॅमेरा, एक छोटी दुर्बीण आणि लॅपटॉप सोबत न्यावा लागतो. पहिल्या वर्षात त्या वाटेला जाऊ नका.

पायरी १: ट्रायपॉड

पैसे खर्च करायचे तर सगळ्यात आधी इथे. प्रवासाचे हलके, पाच-पाच घड्यांचे ट्रायपॉड दिवसा ठीक असतात. त्यावर वेज, ट्रॅकर, बॉल हेड, कॅमेरा आणि लेन्स चढवली की वजन सहज तीन किलोच्या आसपास जातं आणि वाऱ्याची एक झुळूक आली तरी सगळं थरथरतं. तीन घड्यांचे, जाड नळ्यांचे पाय असलेला ट्रायपॉड बघा. कार्बन फायबर हलका असतो आणि कंप लवकर शमवतो. पण बजेट कमी असेल तर हलक्या कार्बनपेक्षा जाडजूड अ‍ॅल्युमिनियम बरा.

दुकानात एक चाचणी करून बघा. पाय उघडून ट्रायपॉड उभा करा, वरच्या प्लेटवर तळवा ठेवून ती डावी-उजवीकडे पिळायचा प्रयत्न करा. प्लेट पायांपेक्षा वेगळी हलत असेल तर तो घेऊ नका. मधला दांडा वर काढायचा नाही, कधीच नाही. शेवटची, सगळ्यात बारीक घडी शक्यतो बंदच ठेवा. बसून काम करावं लागलं तरी चालेल.

जागेवर गेल्यावर कातळ असेल तर उत्तम. भुसभुशीत माती किंवा गवत असेल तर पाय दाबून रोवा, नाहीतर तासाभरात एक पाय खचतो आणि साधलेला ध्रुव हातचा जातो. दांड्याच्या हुकाला सॅक लटकवत असाल तर ती जमिनीला किंचित टेकू द्या. अधांतरी सॅक वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडलाही हलवते.

पायरी २: वेज

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे वळवण्यासाठी खाली जो वर-खाली आणि डावी-उजवीकडे सूक्ष्म फिरणारा पाया लागतो, तो वेज. काही ट्रॅकरसोबत तो येतो, काहींना वेगळा घ्यावा लागतो. त्याऐवजी साधं बॉल हेड वापरता येतं असं सांगणारे भेटतात. १४ मिमीवर ते जमेलही. पण बॉल हेडचा स्क्रू घट्ट करताना अक्ष नेमका थोडा सरकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वेजला दोन दिशांचे वेगवेगळे स्क्रू असतात, म्हणून चिडचिड होत नाही.

आपल्याकडे वेज घेताना एक गोष्ट मुद्दाम तपासायची. ध्रुव क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो: पणजीत १५.५ अंश, कोल्हापुरात १६.७, पुण्यात १८.५, मुंबईत १९, नागपुरात २१. युरोप-अमेरिकेतल्या सूचना ४०-५० अंश धरून लिहिलेल्या असतात. तुमचा वेज १५ अंशांपर्यंत खाली उतरतो का आणि उतरल्यावर घट्ट बसतो का, ते घरीच बघून घ्या.

एवढ्या कमी कोनामुळे दोन गोष्टी बदलतात. पोलर स्कोपमधून जवळजवळ समोर बघावं लागतं, मान वर करून वाकडी करावी लागत नाही, हा फायदा. तोटा असा की अक्ष जवळपास आडवा असल्यामुळे कॅमेरा ट्रायपॉडच्या उत्तरेला बाहेर झुकतो. म्हणून ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेकडे ठेवायचा. पण मग काउंटरवेटचा दांडा किंवा लांब लेन्स त्याच पायावर आपटू शकते. शूट सुरू करण्याआधी क्लच (ट्रॅकरचा अक्ष पकडून ठेवणारा स्क्रू) सैल करून कॅमेरा हाताने सगळीकडे फिरवून बघा.

पायरी ३: ध्रुव साधणं

ध्रुवतारा सप्तर्षींवरून किंवा शर्मिष्ठेवरून शोधायचा हे शाळेत शिकलोच आहोत. अडचण अशी की महाराष्ट्रातून तो खाली असतो, धुरकट हवेत असतो आणि बरेचदा समोरच्या डोंगराआड असतो. जागा निवडताना आकाशगंगा दक्षिणेला दिसते म्हणून सगळे दक्षिणेचं क्षितिज बघतात. तुम्ही उत्तरसुद्धा तितकीच मोकळी आहे ना ते दिवसाउजेडी पाहून घ्या.

अंधार पडण्याआधी ट्रायपॉड उभा करा, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणा आणि ट्रॅकरचं तोंड होकायंत्राने उत्तरेला करा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशापेक्षाही कमी फरक आहे, त्यामुळे फोनचं होकायंत्र चांगलं काम देतं. फक्त फोन ट्रॅकरला चिकटवून धरू नका, आतली मोटर आणि आजूबाजूचं लोखंड सुईला भुलवतं. वेजवर अक्षांश लावा. पाणसळ तंतोतंत नसली तरी ध्रुव साधता येतो. पण ती बरोबर असेल तर वर-खालीचा स्क्रू फिरवताना डावी-उजवी बिघडत नाही, आणि अंधारात ही मोठी सोय आहे.

तारे दिसू लागले की पोलर स्कोपमध्ये डोळा लावा. आत एक गोल आणि त्यावर घड्याळासारख्या खुणा दिसतील. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त. त्यामुळे तो मधल्या फुलीवर आणायचा नसतो, त्या गोलावर आणायचा असतो. गोलावर नेमका कुठे, ते पोलरस्कोप अलाइनसारखं अ‍ॅप तुमच्या ठिकाणावरून आणि वेळेवरून दाखवतं. पहिल्या वेळी स्कोपमध्ये तीन-चार तारे दिसतात आणि ध्रुवतारा कोणता ते कळत नाही. तेव्हा स्कोपच्या बाजूने, उघड्या डोळ्याने ट्रॅकरच्या दिशेने बघा. त्या भागात उठून दिसणारा एकच तारा असतो.

ध्रुव डोंगराआड असेल तर होकायंत्र आणि फोनमधलं कोनमापक यांवर अक्ष लावून ३५ मिमीपर्यंतच्या लेन्सने काम भागवा, त्या रात्री लांब लेन्स बॅगेतच राहू द्या. हिरव्या लेझरने ध्रुव साधायची सोय काही ट्रॅकरमध्ये असते. विमानं जात असतील तिथे लेझर वापरू नका, वैमानिकाच्या डोळ्यांवर तो गेला तर मोठा धोका असतो. शेजारी कोणी फोटो काढत असेल तर त्याच्याही फ्रेममधून हिरवी रेघ जाते.

सगळं साधलं की स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा एकदा स्कोपमध्ये बघा. कॅमेरा चढवल्यावर आणखी एकदा. वजनाने अक्ष थोडा खाली बसतो.

पायरी ४: बॉल हेड आणि समतोल

ट्रॅकरवर कॅमेरा हवा तिथे वळवायला बॉल हेड लागतं. ते कॅमेऱ्याच्या वजनाला पुरून उरणारं हवं, पण अवजड नको. अर्का-स्विस पद्धतीची (सरकवून घट्ट करायच्या प्लेटची) क्लॅम्प आणि कॅमेऱ्याला एल-ब्रॅकेट (एल आकाराची पट्टी) असेल तर उभी-आडवी फ्रेम बदलताना बॉल हेड एका कुशीवर पाडावं लागत नाही. वजनही मध्यावर राहतं.

ट्रॅकरच्या डब्यावर पाच किलो क्षमता लिहिलेली असली तरी फोटोसाठी तिच्या निम्म्यावरच थांबा. लेन्स जड झाली की काउंटरवेट आणि डेक्लिनेशन ब्रॅकेट लावा. समतोल अगदी तंतोतंत नको, पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा. मग दातेरी चाकं सतत एकमेकांना टेकून राहतात आणि ढिलेपणामुळे बसणारे हिसके टळतात.

पायरी ५: रिमोट टायमर

यालाच इंटरव्हॅलोमीटर म्हणतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत शटर ३० सेकंदांपर्यंतच लावता येतं, त्यापुढे बल्ब मोडवर टायमरने शटर धरून ठेवावं लागतं. स्वस्तातला तारेचा टायमर पुरतो. कॅननच्या, निकॉनच्या, सोनीच्या पिना वेगवेगळ्या असतात, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो. मॉडेलचं नाव बघूनच घ्या. तार लोंबकळत ठेवू नका, वेल्क्रोच्या पट्टीने ट्रॅकरला बांधा, पण कॅमेरा फिरायला जागा ठेवून.

पायरी ६: दव

नवशिक्यांच्या याद्यांमध्ये ही वस्तू शेवटी असते. मी ती पहिल्या तिनात धरतो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात वर्षभरच हवेत ओल असते. रात्री लेन्सची काच उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव धरतं. हे हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. पहिल्या वीस फोटोंत तारे टोकदार, पुढच्या दहांत त्यांच्याभोवती किंचित तेजोवलय, मग सगळंच पुसट. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लहान चित्रात हा फरक दिसत नाही, झूम करून बघावं लागतं.

यूएसबीवर चालणारी ड्यू हीटरची पट्टी लेन्सच्या पुढच्या काचेजवळ, फोकस रिंगच्या पुढे गुंडाळा. ती दव पडायच्या आधीच चालू करायची. एकदा काच ओली झाली की वाळवायला वेळ जातो आणि रुमालाने पुसलं तर ओरखडे नि डाग पडतात. लेन्स हूड लावलाच पाहिजे, तो निम्मं काम फुकट करतो. पट्टीची गरमी मध्यम ठेवा. लेन्स जास्त तापली की फोकस सरकतो.

पायरी ७: वीज

२०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास. त्यातले साधारण ६० हाती येतात. ५ वॉटची पट्टी त्यावर रात्रभर चालते, १० वॉटची पाच-सहा तास. ट्रॅकर स्वतः फार थोडी वीज खातो आणि गंमत तिथेच आहे: काही पॉवर बँका एवढा कमी प्रवाह दिसला की काही जोडलेलंच नाही असं समजून आपोआप बंद होतात. ट्रॅकर थांबतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. हीटरची पट्टी त्याच बँकेवर जोडली की बँक जागी राहते. किंवा ट्रॅकर त्याच्या स्वतःच्या सेलवर चालवा. स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय चार एए सेलवर चालतो.

कॅमेऱ्याच्या दोन जास्तीच्या बॅटऱ्या ठेवा. लडाखमध्ये हानलेला जाणार असाल तर त्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत त्यांची ताकद झपाट्याने उतरते. विमानात पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायची असते आणि १०० वॉट-तासांपर्यंतच सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० ची बँक त्यात बसते.

पायरी ८: फोकस

लेन्स मॅन्युअलवर घ्या, लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा तेजस्वी तारा दहापट मोठा करा. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात ज्येष्ठा. तारा सगळ्यात बारीक ठिपका होईल तिथे थांबा. ८५ मिमीच्या पुढे बाह्तिनोव मास्क घ्या. पावेल बाह्तिनोव या रशियन हौशी खगोलनिरीक्षकाने २००५ मध्ये तयार केलेली ही जाळी लेन्ससमोर धरली की ताऱ्याला तीन रेघा फुटतात. मधली रेघ बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मग फोकस रिंगवर कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि मास्क काढायला विसरू नका.

लहानसहान पण हवंच

लाल उजेडाचा, डोक्याला बांधायचा दिवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोताने ती मेहनत जाते. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घाला. कोकणातल्या सड्यांवर फुरसं असतं, त्यामुळे पाय टाकण्यापूर्वी जमिनीवर उजेड टाका, तिथे लाल उजेडाचा आग्रह धरू नका. बसायला छोटं स्टूल, अ‍ॅलन कीचा जुडगा, एक गडद कापड.

प्रकाशप्रदूषणाचे फिल्टर मात्र सध्या घेऊ नका. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांवर ते चालायचे. आताचे पांढरे एलईडी सगळ्याच रंगांत उजेड ओततात, त्यावर फिल्टरचा फारसा इलाज नाही. त्या पैशात पेट्रोल भरून शहरापासून आणखी लांब जा. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (कृत्रिम उजेडापासून जपलेलं काळोखं आकाश) म्हणून मान्यता मिळाली, विदर्भातल्या मंडळींनी तिथे जरूर जावं. गडांवर आणि वनक्षेत्रात रात्री थांबायला बरेच निर्बंध असतात, आधी विचारून घ्या. एकटे जाऊ नका. पुण्यात १९४४ पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांच्या आकाशदर्शनाला गेलात तर सोबत मिळते आणि ट्रॅकर लावताना बघणारं अनुभवी माणूसही.

पायरी ९: पहिली रात्र

खरी पहिली रात्र घराच्या गच्चीवर काढा. दिवे बंद करून सगळं सामान जोडा, खोला, पुन्हा जोडा. कोणता स्क्रू कुठे आहे ते हाताला कळलं पाहिजे.

मग अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. डिसेंबर-जानेवारीत मृग नक्षत्र आणि कृत्तिका, फेब्रुवारीअखेरीपासून पहाटे आग्नेयेला आकाशगंगेचा गाभा, मे महिन्यात तोच गाभा रात्री अकराच्या सुमारास. आपण याबाबतीत नशीबवान आहोत. हा गाभा पुण्याहून ४२ अंशांपर्यंत वर चढतो, लंडनहून जेमतेम दहा.

ट्रॅकरवर उत्तर गोलार्ध आणि ताऱ्यांची गती निवडली आहे ना ते पाहा. चंद्राची, सूर्याची आणि अर्धी गतीही तिथेच असते आणि अंधारात बटण चुकतं. २४ मिमी, एफ २.८, आयएसओ ८००, एक मिनिट, रॉ फाइल. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद. पहिला फोटो काढून चारही कोपरे झूम करा. तारे सगळीकडे एकाच दिशेने लांबट असतील तर ध्रुव पुन्हा साधा. फक्त कोपऱ्यात पंख फुटल्यासारखे दिसत असतील तर तो लेन्सचा गुण आहे, एफ ४ वर घ्या. ठीक वाटलं तर दोन मिनिटांवर जा आणि असे वीस-तीस फोटो काढा. शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगवर दहा डार्क फ्रेम (सेन्सरचे दोष वजा करण्यासाठीचे काळे फोटो) घ्या. हे सगळं सिक्वेटर किंवा सिरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करता येतं.

समोरचा डोंगर किंवा झाड फ्रेममध्ये असेल तर ट्रॅकर चालू असताना ते हललेलं येणारच. जागा न बदलता ट्रॅकर बंद करा आणि जमिनीसाठी वेगळा फोटो घ्या, नंतर दोन्ही जोडा.

आवरताना कॅमेरा आणि लेन्स थंड असतानाच झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करा, मग गाडीत ठेवा. घरी पोचल्यावर सामान खोलीच्या तापमानाला आलं की पिशवी उघडा, ट्रॅकरमधले सेल काढून ठेवा, हीटरची पट्टी आणि ट्रायपॉडचे पाय पुसून वाळवा आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका.